हल्ली म्हणजे किती हल्ली

११ फेब्रुवारी

आज एका अनोळखी बाईसमोर मी तो शब्द मोठ्याने उच्चारला आणि आभाळ काही कोसळलं नाही.

आमच्या घरात शरीराच्या त्या भागाला नावच नव्हतं. आई फार तर ‘तिथं’ म्हणायची. दवाखान्यातल्या सिस्टरने आज सरळ ‘बोंडं’ म्हटलं, कापसाबद्दल बोलावं इतक्या सहज, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या ‘निपल’. मग मीही म्हणून टाकलं. माझी दोन्ही निपल आत वळलेली आहेत, वयात आल्यापासून तशीच आहेत आणि मला ती बाहेर यायला हवी आहेत. एका दमात बोलले. पाण्याला घाबरणाऱ्या बायकांना मी रोज हेच तर सांगते, की एकेक पायरी उतरत बसलात तर जास्त गारठाल.

मी पोहायला शिकवते. दिवसातला बराच वेळ ओल्या पोशाखात जातो. आत वळलेल्या जागी ओल साचते, कातडी सोलवटते, गेल्या वर्षी तर डावीकडे पू झाला होता. डॉक्टरांकडे जायला एवढं कारण पुरे होतं आणि मी तेवढंच सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “आणि?”

मग बाकीचंही बाहेर पडलं. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या जणी टॉवेल खांद्यावर टाकून गप्पा छाटत असतात आणि मी, एवढी मोठी घोडी, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बदलते. लग्न झाल्यावरही कितीतरी दिवस मी आधी दिवा मालवायला धावायची. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, जणू मी सर्दीबद्दल बोलत होते. त्या पन्नाशीच्या असतील. चष्मा कपाळावर ढकललेला. तपासायच्या आधी त्यांनी हात एकमेकांवर चोळून गरम करून घेतले, त्यातच माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

त्यांचा पहिला प्रश्न होता, “हे नेहमीपासून असंच आहे की हल्ली झालंय?” नेहमीपासून म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाल्या, आजवर नीट असलेलं निपल, त्यातून एकाच बाजूचं, हल्ली हल्ली आत ओढलं जाऊ लागलं तर ते ऑपरेशनचं नाही, आधी तपासणीचं काम. कारण कधी अगदी साधं असतं, कधी नसतं, पण बघितल्याशिवाय सोडायचं नाही. माझं तसं नाही. माझ्या दूधनलिका जन्मतः आखूड आहेत आणि भोवतीचे तंतू निपलला आत धरून बसलेत, पुष्कळ जणींचं असतं. उजवं चिमटीने बाहेर येतं आणि सोडलं की परत बिळात. डावं येतच नाही. हवा ओढून धरणारी छोटी टोपी लावून काही जणींना फरक पडतो. मी ती चोरून मागवून लावून पाहिली होती, डावीकडे फक्त वळ उठले. हे ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, निम्म्या जणी तेच करून इथे येतात.

निम्म्या जणी! म्हणजे मी एकटी नाहीच.

घरी येऊन उंटाला सगळं सांगितलं. उंट म्हणजे माझा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरातल्या प्रत्येक दाराखालून वाकून जातो. त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, “मला कधीच काही अडचण नव्हती. पण मला अडचण नाही याचा तुला काही उपयोग नाही, नाही का?”

मी याच्याशी लग्न केलं ते बरंच केलं.

१३ फेब्रुवारी

आईला फोन केला. आईने सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात काढली, दुसऱ्यांच्या गप्पा जोडून देण्यात. त्यामुळे स्वतः फोनवर बोलणं म्हणजे तिला तार पाठवल्यासारखं वाटतं. तरी मी धीर करून सगळं सांगितलं, अगदी डॉक्टरीणबाईंच्या पहिल्या प्रश्नापासून.

“दुखतंय का?” तिने विचारलं. नाही म्हटलं.

“मग कशाला कापाकापी?”

मी पुन्हा सगळं समजावलं. पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं लाइन तुटली. मग ती म्हणाली, “बरं. ठेवते.”

बाबा गेल्यापासून ती जास्तच मिटून गेली आहे. तिच्याकडून कौतुकाची अपेक्षा नव्हती, पण निदान एखादा शब्द.

१५ फेब्रुवारी

मी कामावर असताना आई कधी फोन करत नाही. आज केला. मी पाण्याच्या कडेला, तोंडात शिट्टी, समोर फळीला धरून पाय मारणाऱ्या सहा बायका.

“त्या बाई हल्ली म्हणाल्या ना,” आई म्हणाली, “हल्ली म्हणजे किती हल्ली?”

मला कळेचना. मग डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, आई, माझं नेहमीपासूनचं आहे, तुला काय वाटतं, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं? ती म्हणाली तसं नाही, आणि ठेवला. मी इतक्या जोरात शिट्टी मारली की सहाही जणी बिचाऱ्या जागच्या जागी थांबल्या.

२४ फेब्रुवारी

आज सोनोग्राफी आणि ऑपरेशनचं बोलणं. उंटाला सुट्टी मिळाली नाही. दवाखान्याच्या दारात बघते तर आई उभी. मी वेळ फक्त बोलता बोलता सांगितली होती, ये म्हटलं नव्हतं. “कसलं ठिकाण आहे ते बघावं म्हटलं,” ती म्हणाली. पारख करायला आली होती तर!

मला आत घेतलं तेव्हा ती बाहेरच्या भिंतीवरचं चित्र वाचत होती. स्वतःचे स्तन स्वतः कसे तपासायचे त्याचं. मी बाहेर आले तरी तिथेच, चष्मा लावून, एकेक ओळ. आजूबाजूला लोक बसलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची जुनी खोड आहे ही, औषधाच्या बाटलीपासून बसच्या पाटीपर्यंत समोर येईल ते वाचत सुटायचं.

मग डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. सोनोग्राफी स्वच्छ. आता ठरवायचं ते असं. एका पद्धतीत तंतूंबरोबर दूधनलिकाही कापतात. निपल नक्की बाहेर येतं आणि बहुतेक बाहेरच राहतं, पण पुढे मूल झालं तर त्या बाजूने अंगावर पाजता येत नाही. दुसऱ्या पद्धतीत नलिका वाचवून फक्त तंतू सोडवतात. पाजण्याची आशा राहते, खात्री नाही. आणि निपल पुन्हा थोडंफार आत जाऊ शकतं. कोणत्याही पद्धतीत सुरुवातीला सूज, काळंनिळं, बधिरपणा. बधिरपणा बहुतेकींचा काही आठवड्यांत जातो, काहींना महिने लागतात, क्वचित थोडा कायम राहतो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असं त्या सांगणार नाहीत. असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे जाऊ नका, म्हणाल्या.

उंटाला मुलं हवी आहेत. मला सोमवारी हवी असतात आणि मंगळवारी नको असतात. मी म्हटलं, नलिका राहू द्या. माझं उद्याचं दार मी आज कशाला बंद करू?

निघताना आईने मधेच विचारलं, “ती सोनोग्राफी, ती दुखते का हो?”

माझी झालेली होती! मलाच विचारायचं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि आईकडे बघितलं. “अजिबात नाही. तुमची कधी झाली आहे?”

“मला कशाला,” आई म्हणाली.

“या वयात एकदा करून घ्यावी सगळ्यांनीच,” असं म्हणून त्यांनी आपलं कार्ड आईच्या हातात ठेवलं. नंतर बसमध्ये मी आईला म्हटलं, बाई हुशार आहेत, एकीबरोबर दुसरं गिऱ्हाईकही पकडतात. आई हसली नाही. खिडकीबाहेर बघत होती.

२५ फेब्रुवारी

उंट म्हणतो, आईंना काहीतरी विचारायचं असेल. मी म्हटलं, माझी आई आहे, मी ओळखते तिला. तिला हे सगळं नसते चोचले वाटतात, एवढंच. तो म्हणाला, असेल. उंटाचं ‘असेल’ म्हणजे ‘नाही’.

१२ मार्च

झालं!

दुपारी घरी आले, उशांच्या ढिगाला टेकून लिहितेय. हात नीट चालतो, फक्त वर उचलायचा नाही.

रात्री उपाशी राहायला सांगतील असं वाटलं होतं, पण भूल फक्त तेवढ्याच जागेची होती, सकाळी थोडं खाऊन गेले. टोचायच्या सुया दुखल्या. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर दुखणं नव्हतं, फक्त ओढ जाणवायची, जाड स्वेटरवरून कोणी चाचपतंय तशी. मधे पडदा धरलेला. सिस्टर माझ्या डोक्याशी बसून विचारत होती की चाळिशीनंतर पोहणं येतं का. मी म्हटलं, माझ्या वर्गात सत्तरीच्या आजी आहेत, फक्त त्या अंबाडा भिजू देत नाहीत. पडद्यापलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हसू नका, हलताय.

उजवं पटकन झालं. डावीकडे बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, “हे हट्टी आहे. तंतू सगळे सोडवलेत, पण नलिकाच आखूड आहेत. कापल्या तर उजव्यासारखं होईल. नाही कापल्या तर बाहेर येईल, पण थोडं कमी. आपलं ठरलेलं आहे, तरी तुम्ही जाग्या आहात म्हणून विचारते.”

छताला एक गोल दिवा होता, त्याच्याकडे बघत मी विचार केला. इतकी वर्षं आरशात बघून मला वाटायचं, बाकीच्यांसारखी हवीत, अगदी तशीच. आणि आता तिथे पडल्या पडल्या मनात आलं की कमी तर कमी, बाहेर आलं म्हणजे झालं. म्हटलं, “ठरलेलंच राहू द्या.” कोणीतरी माझ्या शरीराबद्दल मला विचारलं आणि माझ्याजवळ उत्तर तयार होतं, याचंच मला जास्त बरं वाटलं.

आता दोन्हीकडे मधे भोक असलेली जाड गादी आणि वर कडक वाटी आहे, दाब पडू नये म्हणून. उंटाने बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, लिफ्टचं काम चालू असलं की आम्हीही बटणांवर असंच झाकण लावतो, कोणी चुकून दाबू नये म्हणून. मी हसले आणि टाके ओढले गेले. त्याला आज विनोदबंदी केली आहे.

१३ मार्च

दुखतंय. दात काढल्यावर दुखतं तसं, ठणकणारं. गोळीने आटोक्यात येतं. पालथी झोपायची सवय होती, ती मोडावी लागणार. आई फोनवर म्हणाली, “ताप?” नाही म्हटलं. “बरं. ठेवते.”

१६ मार्च

आई केस धुवून द्यायला आली. मी खुर्चीत मागे मान टाकून, ती मगने पाणी घालत होती. तिची बोटं टाळूवरून फिरली की मला अजूनही झोप येते.

मग पट्टी बदलायची वेळ झाली. सिस्टरने कसं करायचं ते दाखवलं होतं. उंट कामावर होता, म्हणून म्हटलं आई, जरा धरतेस? मला वाटलं ती दुसरीकडे बघेल. तिने नाही बघितलं. मी आरशात, ती माझ्याकडे. सगळं सुजलेलं, पिवळंजांभळं, टाक्यांचे धागे मिशांसारखे. पण होती! दोन्ही होती. उजवं ठळक, डावं जरा लाजरं.

मी म्हटलं, सूज उतरली की बरं दिसेल.

“दोन्ही सारखीच आहेत गं,” आई म्हणाली.

डावं कमी आहे म्हटलं तर म्हणाली, “नाही, तरी सारखीच. दोन्ही एकाच दिशेला बघतायत.” आणि तिचा आवाज इतका बारीक झाला की मलाच गहिवरून आलं. शेवटी तिला पटलं म्हणायचं.

केस धुताना तिचा कुर्ता भिजला होता. मी माझा दिला, तर तो घेऊन ती बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. लहानपणी आम्ही एकाच खोलीत बदलायचो, तिने कधी आडोसा धरला नाही. तिला आता माझाच संकोच वाटायला लागलाय की काय? हे मात्र लागलं मला.

१९ मार्च

टाके काढले. मुंगी चावल्यासारखं, तेही उजवीकडेच. डावीकडे अजून काही जाणवत नाही, लाकडावर बोट फिरवावं तसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई नको. वाटी अजून काही दिवस लावायची, पाण्यात उतरायचं नाही. मात्र कामावर जायला हरकत नाही.

जाता जाता त्यांनी विचारलं, “तुमच्या आई कशा आहेत?” मी म्हटलं मजेत. चांगल्या आहेत स्वभावाने, पेशंटच्या घरच्यांची आठवण ठेवतात.

२२ मार्च

कामावर. कोरडी मास्तरीण. कडेवर उभी राहून शिट्टी मारते आणि हातवारे करते. अंबाडावाल्या आजींनी विचारलं, पाण्यात का येत नाही? मी म्हटलं, छोटं ऑपरेशन झालं. कुठलं, तर तेही सांगितलं. नेहमीच्या आवाजात. आजी म्हणाल्या, आमच्या वेळी अशी सोय असती तर माझ्या थोरल्याला बाटली लागली नसती, आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी तिथेच बसून घेतलं. सगळ्या जगाला हे माहीत होतं आणि मीच एकटी भिंतीकडे तोंड करून होते.

२६ मार्च

घरी आल्या आल्या लिहायला बसलेय.

आईकडे गेले होते, सहज. ती स्वयंपाकघरात कपाट पुसत होती, उजव्या हाताने. मी टेबलाशी बसून माझंच पुराण लावलं होतं, की डावं जरा आत गेल्यासारखं वाटतंय, की डोळ्यांना भास होतोय, की नलिका कापून घ्यायला हव्या होत्या. ती फडकं धुऊन, पिळून, वाळत घालून आली आणि माझ्यासमोर बसली.

“माझंही डावं आत जातंय,” ती म्हणाली.

मी हसणार होते. खरंच. मला वाटलं उंटासारखा विनोद करतेय. मग तिचा चेहरा बघितला.

“कधीपासून?”

“थंडी सुरू झाली तेव्हापासून. आधी वाटलं, वय झालं. मग तू फोनवर त्या बाईंचं सांगितलंस.”

मला सगळं एकदम आठवलं, तिचा तो फोन, भिंतीवरचं चित्र, आतून लावलेली कडी. माझ्या कानात शिट्टी वाजावी तसं झालं. मी ओरडलेच तिच्यावर. गाठ लागते का? दुखतं का? पाणी येतं का? गाठ कळत नाही, म्हणाली, कधी कधी चिकट काहीतरी लागतं. आणि तू इतके दिवस गप्प बसलीस? माझ्याबरोबर दवाखान्यात आलीस, त्यांच्या समोर बसलीस, आणि मला कशाला म्हणालीस?

“तुझं होऊ दे म्हटलं आधी,” आई म्हणाली. “मी सांगितलं असतं तर तू माझ्यामागे धावली असतीस. तुझं राहून गेलं असतं. तुझं कायम राहूनच गेलंय.”

मी तिला जवळ घेतलं, तर दोघींनाही नीट जवळ घेता येईना. माझ्या वाट्या मधे येत होत्या आणि तिची बाजू ती जपत होती. तिरक्या मिठीत उभ्या राहिलो.

मग मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई स्वतः फोनवर आल्या. मी अर्धंच सांगितलं तोवर त्या म्हणाल्या, “परवा सकाळी घेऊन या. मी वाट बघत होते त्यांची.” म्हणजे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. मला, पोटच्या पोरीला, नाही.

२८ मार्च

मॅमोग्राफी, सोनोग्राफी. डाव्या निपलमागे जाडसर काहीतरी दिसलं, म्हणून सुईने तुकडा घेतला. आई टेबलावर पडून छताकडे बघत होती. मी तिचा हात धरला होता आणि तिने माझा, कोणी कोणाचा धरला ते कळत नव्हतं. सुई टोचताना खट्कन आवाज होतो, हे मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दचकले मीच, ती नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं नाही, त्याबद्दल त्यांचे उपकार मानते.

आईच्या घरी आल्यावर उंटाने तिच्यासाठी पातळ सूप केलं. मग तिच्या दाराचं बिजागर कुरकुरतंय म्हणून तेलाची बाटली घेऊन बसला. बिजागर कुरकुरत नव्हतं.

२ एप्रिल

निकाल आला नाही. माझ्या डाव्या बाजूला आज आंघोळीत साबण लागल्याचं जाणवलं. एरवी नाचले असते.

आई फोनवर म्हणाली, काही झालंच तर तिची निळी खुर्ची उंटाला द्यायची, त्याच्या पाठीला बरी आहे. मी म्हटलं, आई, ठेव.

५ एप्रिल

अजून नाही. आज वर्गात एका बाईने पहिल्यांदा पाय सोडून पाण्यावर अंग टाकलं. तिला शाबासकी देताना मला रडू आलं. ती बिचारी घाबरून परत उभी राहिली.

९ एप्रिल

साधं आहे. साधं आहे. साधं आहे.

डॉक्टरीणबाईंनी दार लावायच्या आधीच सांगितलं, आम्ही खुर्च्यांवर बसायच्या आत. “वाईट काही नाही.” मग बसवून नीट समजावलं. वयाबरोबर आईच्या दूधनलिका रुंद झाल्या, त्यात सूज आली आणि सुजून आखडताना त्यांनी निपल आत ओढलं. ते चिकट पाणीही त्याचंच. कर्करोग नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं, पाणी वाढलं किंवा रंग बदलला तर आधीच यायचं. ऑपरेशनची गरज नाही, त्रास झाला तरच.

आई म्हणाली, “म्हणजे माझं हे असंच राहणार?”

“राहू शकतं. तुम्हाला बाहेर हवंय?”

आईने बराच विचार केला. मग म्हणाली, नको, आता त्याच्याशी माझं काही काम नाही. सिस्टर तोंडावर हात ठेवून हसली, डॉक्टरीणबाई हसल्या, आणि मी हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. आईने पर्समधून रुमाल काढून दिला. घडी केलेला, इस्त्रीचा.

मग माझी तपासणी. उजवं छान. डावं आणखी थोडं मागे गेलंय, पण दिसतं, टिकलंय, ओल साचण्याइतकं आत नाही. त्या म्हणाल्या, वर्षभराने वाटलं तर पुन्हा बघू. मी म्हटलं, मला नाही वाटत वाटेल. वाट्या आजपासून बंद. आणखी एक-दोन आठवड्यांनी पाण्यात.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. आई खिडकीशी, मी तिच्या उजव्या बाजूला. उंटाला फोन केला तर तो कुठल्या तरी इमारतीत लिफ्टच्या विहिरीत उतरला होता. सांगितलं आणि विहिरीत घुमणारा त्याचा मोठा सुस्कारा ऐकू आला. फोन ठेवला तोवर आईचं डोकं माझ्या खांद्यावर आलं होतं. बघते तर गाढ झोपलेली. बस वळली की डोकं घसरून माझ्या छातीवर यायचं, डाव्या बाजूला, जिथे अजून दुखरं आहे. मी दंडाने आधार दिला आणि बसून राहिले. तिचं तोंड जरा उघडं होतं. थंडीपासून ती अशी झोपली नसावी.

आमचा थांबा आला. दार उघडलं, बंद झालं. मी उठवलं नाही. पुढचा आला, तोही गेला. बस रिकामी होत गेली. शेवटी ड्रायव्हरने आरशात बघून सांगितलं की गाडी इथून पुढे जात नाही.

आई दचकून उठली. केस सारखे केले, बाहेर बघितलं. गोदामांच्या दोन भिंती, त्यांच्यामधून एक कच्चा रस्ता आणि त्याच्या टोकाला काहीतरी चकाकत होतं. इतकी वर्षं या शहरात काढून आम्ही दोघीही या थांब्यापर्यंत कधी आलो नव्हतो.

“उठवायचं नाही का गं,” ती म्हणाली. मग डोळे बारीक करून त्या चकाकीकडे बघत राहिली. “पाणी आहे वाटतं तिकडे. आता आलोच आहोत तर बघून येऊ.”